उजव्या पायाची फातिहा

१

विलासकाकांना चार ओळी हव्या होत्या. माजी सैनिकांच्या संघटनेची स्मरणिका निघणार होती आणि तिच्यात वर्षभरात गेलेल्यांची माहिती छापायची होती. नाव, गाव, पलटण, नोकरी, कधी गेले, दफन कुठे. "तूच लिहून दे निलोफर, जहीरला सांगितलं तर कागद ऑइलने भरून येईल," असं काका फोनवर म्हणाले. माझ्या भावाचं गॅरेज आहे, त्यामुळे ते खोटं नव्हतं.

मी लिहायला बसले. हवालदार दस्तगीर मुलाणी. मूळ गाव वाईजवळ. इंजिनिअर पलटण, काम सुरुंग पेरणं आणि पेरलेले परत काढणं. सीमेवर राजस्थानात सुरुंग काढताना उजवा पाय गुडघ्याखाली गेला. त्यानंतर सैन्यातून घरी, मग चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर ट्रकांचे पास तपासायची नोकरी. बायको फरीदा, एक मुलगा, एक मुलगी. मुलगी म्हणजे मी. नवऱ्याचं घर सोडून आले ती अब्बांच्याच घरी राहिले, आणि घरात बसून रिक्षांची सीट कव्हरं शिवते. हे शेवटचं काही स्मरणिकेत लिहिलं नाही, कुणाला काय करायचंय.

मग "दफन कुठे" आलं. कासारवाडी, असं लिहिलं आणि अडले. माणूस एका जागी दफन झाला असेल तर लिहायला सोपं असतं. आमच्या अब्बांचं तसं नव्हतं.

२

गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते. सकाळी गेली की दुपार उलटेपर्यंत येत नाही. माझं मशीन मोटारीवर चालतं, ते बंद. पंखे बंद, समोरच्या वर्कशॉपचं लेथ बंद. एरवी कानात दडे बसवणारी आमची गल्ली गुरुवारी अशी गप्प होते की पलीकडच्या घरात कुणी लसूण ठेचला तरी कळावं.

गुरुवार म्हणजे जुमेरात. अब्बा नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्या शांततेत दारात खुर्ची टाकून बसायचे. कृत्रिम पाय काढून बुटासकट शेजारी उभा करायचे. त्याला आम्ही घरात नवा पाय म्हणायचो. मग आधी त्यांच्या गेलेल्या आईवडिलांसाठी फातिहा, म्हणजे कुराणातली दुआ, पढायचे, मग पलटणीतल्या गेलेल्यांसाठी. आणि सगळ्यांत शेवटी खुर्ची जराशी फिरवून, पुन्हा हात वर करून, आपल्या उजव्या पायासाठी.

आम्ही हसायचो. कोण हसणार नाही? जहीर विचारायचा, "अब्बा, पायाला जन्नत मिळते का?" अब्बा म्हणायचे, "मला मिळाली तर त्यालाही मिळायला हवी. मी काय तिथं लंगडत जाऊ?" आमच्यात शरीराचा तुकडा गेला तर तोही मातीत ठेवतात, टाकून देत नाहीत. त्यांचा पाय तिकडं वाळूत ठेवला होता. तेव्हा पलटणीत बरोबर असलेल्या विलासकाकांनी, स्वतःच्या हातांनी.

एकदा मात्र ते हसले नाहीत. मी त्यांचा चहा घेऊन गेले होते. ते म्हणाले, "एकटा पडलाय गं तो. ओळखीचं कोणी नाही तिथं. मी आहे तोवर ठीक, पढतो. पुढं कोण त्याची आठवण ठेवणार?"

मी म्हटलं, आम्ही आहोत ना. चहा निवतोय, घ्या आधी.

३

अब्बा थंडीच्या दिवसांत गेले, छातीत कळ येऊन, अंघोळीचं पाणी तापत असताना. रडायलासुद्धा उसंत मिळाली नाही, इतकी माणसं जमली. त्यांना न्हाऊ घातलं तेव्हा नवा पाय काढून ठेवलेला होता. कफन बांधलं आणि उजव्या बाजूला गुडघ्याखाली कापड नुसतं पडलं. जहीरला ते बघवेना. तो म्हणाला, नवा पाय आत ठेवू या, वीस-बावीस वर्षं त्यांनी तो वापरलाय. मोठ्या माणसांनी समजावलं की बाबा, लाकूड-रबर आत ठेवत नसतात, अल्लाह पूर्ण करून उठवतो. जनाजा निघाला. आम्ही बायका घरीच राहिलो. अब्बांना माती द्यायला मला जाता आलं नाही, ते अजून छातीत अडकून आहे.

नवा पाय अम्मीने दाराशी, त्याच्या नेहमीच्या जागी उभा केला. त्यात काळा बूट तसाच. अम्मी इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस बाई घराबाहेर पडत नाही, ती पडली नाही. दर जुमेरातीला आम्ही अब्बांसाठी फातिहा द्यायचो, त्यांच्या आवडीचा शिरा करायचो, जहीर कब्रस्तानात जाऊन यायचा. सगळं नीट चाललं होतं. पायाची फातिहा कुणाच्याही लक्षात आली नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कव्हरांचे धागे कापत बसले होते. वीज नव्हती. अम्मी आतल्या खोलीत तस्बीहची माळ घेऊन बसली होती. दाराबाहेर ओट्यावर आवाज आला. थप. अनवाणी पाऊल फरशीवर पडावं तसा. मी पुढच्या पावलाची वाट बघितली, कारण एक पाऊल पडलं की दुसरं पडतंच. ते पडलं नाही. बऱ्याच वेळाने पुन्हा तसंच, थप, जरा जवळ.

उठून दार उघडलं. गल्लीत कुत्रंही नव्हतं.

मनाला समजावणं मला चांगलं जमतं, त्याशिवाय माझे दिवस निघाले नसते. म्हटलं, वरच्या माळ्यावर कुणीतरी कपडे आपटत असेल. रुळांवरून गाडी गेली की आमची भिंत हादरते, त्यातलंच काहीतरी. पण संध्याकाळी झाडू मारताना उंबऱ्याजवळ वाळू सापडली. चिमूटभरच. आमच्याकडं जिकडंतिकडं बांधकामं चालू आहेत, वाळू सापडण्यात काय विशेष? फक्त बांधकामावर आता दगड भरडून केलेली करडी वाळू असते. ही पिवळी होती, पिठासारखी मऊ.

४

पुढच्या जुमेरातीला तो आवाज उंबऱ्याच्या आत होता. त्याच्या पुढच्या वेळी दाराशी, नव्या पायाजवळ. मी भिंतीला पाठ लावून बसले होते. समोर दुपारचं स्वच्छ ऊन पडलेलं, फरशीचे सांधेसुद्धा दिसत होते. पण चालणारं कुणी दिसत नव्हतं. थप. मग जिथं डावं पाऊल पडायला हवं तिथं नुसती शांतता, आणि पुन्हा थप. अब्बा चालायचे तेव्हा डावा पाय असा मऊ वाजायचा आणि नवा पाय खट्ट करायचा. इथं तो खट्ट नव्हता, आणि डावाही नव्हता. उजव्या बाजूला, जिथं आम्ही इतकी वर्षं खट्ट ऐकलं, तिथं मांसाचं पाऊल पडत होतं.

वीज आल्यावर मी नव्या पायातला बूट काढून उपडा केला. आतून वाळू सांडली.

जहीरला बोलावलं. तो बूट हातात घेऊन उलटापालटा करत राहिला. मग म्हणाला, जुनीच असेल गं शिवणीत अडकलेली. मी म्हटलं, अरे हा बूट मागच्या दिवाळीत पिंपरीतून घेतलाय, राजस्थान बघितलंय का याने? तो चिडला. म्हणाला, तू घरात एकटी बसून बसून काहीही ऐकतेस. पण जाताना त्याने बूट खाली ठेवला तो हळूच, झोपलेल्या मुलाला ठेवावं तसा.

मला भीती अम्मीची वाटू लागली. इद्दत संपली तरी ती घराबाहेर पडेना. जहीरच्या बायकोने, साबियाने, चार दिवस राहायला चला म्हणून किती विनवलं. बहिणीच्या नातवाचा अकीका झाला, जावळ काढायचा समारंभ, तिथंही गेली नाही. जेवण निम्म्यावर आलं. बाकीचे दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहायची आणि बुधवारी संध्याकाळपासून तिच्यात जीव यायचा. गुरुवारी अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून, दाराजवळ फरशीवर बसायची. वीज गेली की डोळे मिटायची. मी तिला एकदा त्या आवाजाकडं तोंड करून हळू आवाजात बोलताना ऐकलं. भाजी महागली, जहीरने गॅरेजात गाड्या उचलायची दुसरी लिफ्ट बसवली, असलंच काहीबाही, नवऱ्याला सांगावं तसं.

तिच्या खांद्याची हाडं वर आली होती. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाही तर असंच होणार, सलाइन तरी किती लावायची. मी तिच्यापुढं ताट ठेवलं तर म्हणाली, "आल्यावर जेवते."

अब्बा गेले. आता आई अशी बसल्या जागी जाणार, हे मला दिसत होतं. आणि मला राग आला. कुणाचा म्हणून विचाराल तर सांगता येणार नाही, पण आला.

५

आकुर्डीला विलासकाकांकडं गेले. विलास ओव्हाळ, अब्बांचे पलटणीतले जोडीदार. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाच्या तसबिरीखाली दोघांचा फोटो आहे, दोघंही काळे ठिक्कर आणि हसणारे. मी वेड्यासारखं काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं की काका, पाय ठेवलात तेव्हा नक्की काय झालं?

काकांनी आधी गुडघे चोळले. मग बोलायला लागले. सुरुंगांच्या शेतात मोकळी केलेली वाट हातभर रुंद असते, दोन्ही बाजूंना पांढरी फीत. पुढचा चालतो, मागच्याने त्याच्याच पावलात पाऊल टाकायचं, इकडं नाही तिकडं नाही. त्या दिवशी अब्बा पुढं होते, काका मागं. वाळू सरकते, खालचा सुरुंगही तिच्याबरोबर सरकतो. तपासलेल्या जागीच तो होता. अब्बांना उचलून नेलं, आणि पाय मागं राहिला. संध्याकाळी काका परत गेले, त्याच फितीतून.

"तुमच्यात कसं ठेवतात ते मला कुठं ठाऊक होतं पोरी?" काका म्हणाले. "विचारायला त्या दिवशी कोणी नव्हतं. खेजडीच्या झाडाखाली खड्डा केला, त्याच्या फेट्याच्या कापडात गुंडाळला. आणि मला वाटलं, दस्तगीरला घरी जायची फार ओढ होती, रजा मंजूर झाली होती त्याची. म्हणून मी बोटं घराकडं केली. होकायंत्र लावून. बरोबर महाराष्ट्राकडं."

ते माझ्याकडं बघत होते, बरं केलं ना, असं विचारत असल्यासारखे. मी म्हटलं, बरं केलंत काका.

खाली उतरल्यावर बसस्टॉपवर मी किती तरी बसेस सोडल्या. तो पाय घराकडं तोंड करून पडला होता. अब्बा होते तोवर दर जुमेरातीला त्याला कुणीतरी थांब म्हणत होतं. मग ते थांबलं. तो निघाला, आणि त्याला दुसरं घर माहीतच नव्हतं. बूट दाराशी ठेवलेला. त्याला वाटणार, माणूसही इथंच आहे.

अब्बा तिकडं नदीकडच्या कब्रस्तानात, उजव्या बाजूचं कफन मोकळं घेऊन.

६

पुढच्या गुरुवारी वीज गेली. अम्मी येऊन बसली, पण अशक्तपणामुळं बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. दाराशी थप झालं. मी उठले. नव्या पायातून बूट ओढून काढला, कव्हरं द्यायच्या पिशवीत घातला आणि बाहेर पडले. निघताना म्हटलं, "माझ्या पावलात पाऊल टाक. इकडं नाही, तिकडं नाही."

कुणी ऐकलं असतं तर मला दवाखान्यात घातलं असतं.

गल्लीत ऊन होतं. वाणी दुकानाच्या पायरीवर पेपरने वारा घेत होता, त्याने विचारलं, कुठं ताई एवढ्या उन्हात? म्हटलं, माल द्यायला. तो माझ्याशी बोलताना हसत होता. मग त्याची नजर माझ्या मागं, खाली गेली आणि पेपर हलायचा थांबला.  मी मागं बघितलं नाही. डांबरी रस्त्यावर गाड्यांच्या गोंगाटात आवाज हरवला आणि मला वाटलं, संपलं, सगळं डोक्यातलंच होतं, आता बूट टाकून घरी जावं. मग पुलाखालच्या सावलीत गेले, तिथं क्षणभर कोणतीच गाडी नव्हती, आणि माझ्या टाचेमागं अगदी जवळ आलं. थप.  पळावंसं वाटलं. पण पळाले तर पाऊल लांब पडेल आणि त्याला पुरणार नाही, म्हणून हळू चालले.

कब्रस्तानाच्या फाटकाशी राखणदार चाचा बसले होते. बायकांनी आत जायचं नाही, म्हणाले, इथूनच दुआ कर बेटी. मी म्हटलं, चाचा, मी एकटी असते तर इथंच थांबले असते. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पाय बाजूला घेतले.

अब्बांची कबर जहीरने सांगितलेल्या खुणेवरून सापडली, लिंबाच्या झाडाला लागून. झाडांना नुकतं पाणी दिलेलं, माती ओली, काळी. मी पायथ्याशी बसले आणि हातांनी उकरायला लागले. बूट निम्मा जाईल एवढा खड्डा झाला. बूट ठेवायला वाकले तेव्हा नजर माझ्याच पायांमधून मागं गेली. बघायचं नव्हतं, गेली.

ओल्या मातीत माझ्या चपलांचे ठसे आले होते, डावा, उजवा, डावा, उजवा. प्रत्येक उजव्या ठशाच्या आत दुसरा ठसा होता. अनवाणी, पाच बोटांचा, आणि त्यात पिवळी वाळू भरलेली. शेवटचा ठसा माझ्या टाचेला टेकलेला होता. तो ठसा नव्हता. बोटं होती, राखाडी, थकलेली. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. अब्बांच्या त्या नखाची गोष्ट अम्मी नेहमी सांगायची, लग्नाआधी लाकूड फोडताना त्यावर कुऱ्हाड बसली होती. मी जन्मात ते नख बघितलं नव्हतं. माझ्या आठवणीत अब्बांना उजवा पाय नव्हताच.

भीती कुठं गेली कोण जाणे. मला रडूच फुटलं. किती लांबून आला होता तो, आणि आम्ही त्याला दाराशी ताटकळत ठेवलं होतं.

मी डोळे मिटले. म्हटलं, "पोचलास. अब्बा इथं आहेत." आणि हात वर करून फातिहा पढले. अब्बांसाठी नाही. त्याच्यासाठी. पढून होईपर्यंत माझ्या टाचेचा गारवा गेला होता. डोळे न उघडताच माती चाचपली आणि ओंजळ भरून बुटावर टाकली, पुन्हा टाकली, पुन्हा टाकली. अब्बांना देता आली नव्हती ती माती.

७

घरी आले तेव्हा वीज आली होती. लेथ सुरू झालं होतं. अम्मी जागी होती, दाराशीच बसलेली, मांडीवर नवा पाय घेऊन. बूट नसलेलं ते रबरी पाऊल ती पदराने पुसत होती. माझ्या नखांतली माती तिने बघितली. 

"पोचला?" तिने विचारलं.

"पोचला, अम्मी."

तिने मान हलवली. मग उठून, भिंतीला धरत, फडताळातून औषधाची एक जुनी बाटली काढली. ती पिवळ्या वाळूने गळ्यापर्यंत भरली होती. दर जुमेरातीला मी झाडू मारायच्या आधी तिने बोटांनी टिपून ठेवलेली.

"अम्मी, तो अब्बा नव्हता," मी म्हटलं. मला वाटलं, हे कुणीतरी तिला सांगायला हवं.

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "नवऱ्याचं पाऊल ओळखत नाही का मी? ते नव्हतेच. पण पाय तरी होता गं."

मी ताट वाढलं. तिने भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि खाल्ला. चावताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मी तिच्यासमोर बसून राहिले आणि तिने पूर्ण भाकरी संपवली.

विलासकाकांना मी लिहून दिलं, दफन कासारवाडी, आणि खाली काही जोडलं नाही.

आता गुरुवारी वीज गेली की आम्ही दोघी दारात बसतो. गल्ली गप्प होते. कुठं कुकरची शिट्टी होते, कुणी भांडी घासतं, लांबून गाडी जाते. अम्मी अब्बांसाठी पढते, मग पायासाठी. त्यानंतर ती दाराजवळच्या फरशीवर तळहात टेकवून ठेवते आणि वीज येईपर्यंत उचलत नाही.